गोविंदाची मेढ

माझा नातू गेल्या महिन्यात बायकोला घेऊन कोकणात फिरून आला. मागे झोपायला गाद्या, छोटा गॅस, पाण्याची टाकी अशी सगळी सोय असलेली गाडी भाड्यानं घेतली होती. समुद्राच्या कडेला गाडी उभी करायची, पोहायचं, गळ टाकून बसायचं, भूक लागली की तिथंच रांधायचं. रोज फोटो पाठवायचा. परत आल्यावर मला म्हणाला, आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना. मी हो म्हटलं आणि चहा ठेवायला उठले. होतं, असं सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि तो तेव्हा फार आनंदात होता. म्हणून इथं लिहिते आहे. त्याला वाटलं तर वाचेल.

आमची शेती रनाळ्याला, ती काका बघायचे. आम्ही नंदुरबारला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, कारण माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सरकारी मोजणीच्या कामावर होते. त्या कामासाठी त्यांना एक गाडी मिळाली होती. मूळची लष्कराची, जखमींना न्यायची. लिलावात निघालेली ती गाडी खात्यानं घेतली, आत दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या ठोकल्या, एक स्टोव्ह, एक पाण्याचं पिंप, कंदील टांगायला खिळा, आणि अण्णा आठवडाभर त्यातच राहायचे. तापीच्या काठानं आज या गावी, उद्या त्या गावी. गाडी गल्लीत शिरली की तिच्या आवाजानंच कळायचं, कारण आतलं प्रत्येक भांडं वेगळ्या सुरात वाजायचं आणि पिंपाचं झाकण त्या सगळ्यांवर ताल धरायचं. माझा धाकटा भाऊ बाळू तिला घरगाडी म्हणायचा. शनिवारी संध्याकाळी घरगाडी आली की माय चुलीवर तवा टाकायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मिरच्यांचा ठेचा, वांग्याचं भरीत. अण्णांना आठवडाभर स्वतःच्या हातचं खाऊन कंटाळा आलेला असायचा, त्यामुळे ते भरीत बोटानं पुसून खायचे आणि माय दुसरीकडे बघत हसायची.

आम्ही पोरं झोपलो असं समजून ती दोघं बोलायची. गोधडीखाली कान लावून मी सगळं ऐकायचे. म्हणून मला कळलं की अण्णा नकाशासाठी मोजत नव्हते. पुढे नदीवर धरण होणार होतं आणि त्याचं पाणी मागे कुठपर्यंत चढेल त्या रेषेवर अण्णा दगड पुरत होते. रेषेच्या खालची गावं उठणार होती. गावकऱ्यांना मात्र एवढंच सांगायचं की मोजणी चालू आहे. वरच्यांचा सक्त हुकूम होता, कारण आधी कळलं तर लोक रातोरात खोटी घरं उभी करून मोबदला मागतील. मायला हे पटत नव्हतं. ती फार वाद घालणारी बाई नव्हती, पण भांडी जरा जोरात ठेवायची. आपण ज्यांच्या गावात पाणी पितो त्यांच्यापासूनच लपवायचं, हे तिला कुठेतरी टोचत राहायचं. अण्णा म्हणायचे, मी हुकमाचा माणूस, माझ्या हातात काय आहे.

होळी होऊन गेली होती. गाडीचा ड्रायव्हर सुट्टीवर होता आणि अण्णांना स्वतः चालवता यायचं. एका रविवारी सकाळी ते म्हणाले, चला, आज तुम्हाला तापीवर नेतो. माय आधी नाही म्हणाली. सरकारची गाडी, सरकारचं पेट्रोल, कुणी पाहिलं तर. पण मायचं माहेर तापीकाठचं. लग्न होऊन नंदुरबारला आल्यापासून तिनं नदी फक्त पुलावरून बघितली होती. तिनं पिठाचा डबा, तिखट, मीठ, कांदे बांधले आणि गल्लीतल्या कुणाशी नजरानजर न करता मागच्या दारानं गाडीत चढली. गाव मागे पडल्यावरच तिनं डोक्यावरचा पदर सैल केला. आम्ही फळीवर उताणे पडून पाय वर भिंतीला लावले होते. बाहेर पळस फुललेले. उघड्या दारातून मोहाचा गोड, जरा आंबूस वास यायचा आणि रस्ता खराब लागला की आम्ही दोघं एकदम हवेत उडून खाली आदळायचो. इतकं हसलेलं मला त्या वयातलं दुसरं काही आठवत नाही.

ज्या गावी गेलो त्याचं नाव लिहीत नाही. आता ते नकाशावरही नाही. तिथं गोविंदा नावाचा तरुण भोई होता. नदीत जाळं टाकायचा, उन्हाळ्यात वाळूत डांगराची, म्हणजे खरबुजांची, वाडी लावायचा, आणि मोजणीच्या वेळी अण्णांची साखळी धरायला यायचा. अण्णांवर त्याचा फार जीव. त्याची बायको सखू, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल, कडेवर मुलगी. दोघं थोरल्या भावाच्या घरात पडवीत राहायची. जाऊबाई चूल मोकळी करून देईल तेव्हा सखूनं रांधायचं, असा सगळा कारभार. गाडी थांबल्यावर सखू पुढे आली, मायच्या पायावर पाणी घातलं आणि जन्माची ओळख असल्यासारखी तिचा हात धरून नदीकडे घेऊन गेली.

मायला पोहता येतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. काठाला आडोशाची जागा होती, तिथं बायका अंघोळ करायच्या. मायनं लुगडं घट्ट खोचलं, गुडघाभर पाण्यात उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं आणि सरळ आत शिरली. मी घाबरून ओरडले. ती पार मध्यावर जाऊन वर आली, केस मोकळे सुटलेले, आणि हसत होती. घरात चुलीपुढं बसणारी बाई आणि ही बाई एकच, हे मला पटेना. सखूनं माझ्या कमरेला वाळलेला भोपळा बांधला आणि पाण्यात सोडून दिलं. भोपळा मला बुडू देत नव्हता आणि पुढेही जाऊ देत नव्हता. मी नुसती गोल फिरत राहिले. सखू काठावर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसली. तिकडे गोविंदानं अण्णांना आणि बाळूला फेकायचं जाळं शिकवायला घेतलं होतं. अण्णांचं जाळं दर वेळी गुंडाळीसकट पाण्यात पडायचं आणि गोविंदा अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा की आता मागच्यापेक्षा बरं पडलं. मला त्यानं बांबूच्या काठीला गळ लावून दिला, पिठाची गोळी चिकटवली. मी एक बोटाएवढा मासा धरला आणि दिवसभर सगळ्यांना दाखवत हिंडले.

दुपारी सखूनं तीन दगड मांडून मातीच्या भांड्यात मासे शिजवले. वाटलेला कांदा, खोबरं, काळा मसाला, वर तेलाचा तवंग. माय गाडीतल्या स्टोव्हवर भाकरी थापत होती. स्टोव्हचा आवाज, नदीचा आवाज, मधेच सखूच्या मुलीचं रडणं. उंबराच्या सावलीत आम्ही जेवायला बसलो. जेवताना सखूनं समोरच्या झाडाखाली रचून ठेवलेले खांब दाखवले. सागाचे, चांगले जाड. गोविंदानं दोन वर्षं एकेक करून जमवले होते. शेजारीच तिनं जमीन चोपून, सारवून ठेवली होती. त्यांच्याकडे रीत अशी की घराची मधली मेढ, म्हणजे सगळं छप्पर ज्यावर तोलायचं तो मधला खांब, रोवली की तेवढ्यावर माणूस वेगळा निघाला असं गाव धरायचं. भिंती, छप्पर नंतर केव्हाही. मेढ रोवली की तुमची चूल वेगळी, तुमचं नाव वेगळं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस त्यांनी ठरवला होता; त्या दिवशी मेढीला हळद लावून ती उभी करायची. सखूनं मायच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला आणि म्हणाली, "आक्का, आखाजीले तुम्ही इज्यात. मेढले पहिली हयद तुमनाच हातनी लागाले पाहिजे."

मायचा घास हातातच राहिला. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा माशाचा काटा काढत होते, आणि एवढा वेळ लागावा इतका काही तो मासा काटेरी नव्हता. त्यांनी पुरलेला दगड आम्ही येताना पाहिला होता. तो गावाच्या वर, चढावर, तिथल्या एका चिंचेच्याही पलीकडे होता. सखूनं सारवलेली जागा त्याच्या कितीतरी खाली. गोधडीखाली ऐकलेलं सगळं मला आठवलं. मला तिला सांगावंसं वाटलं आणि भीतीही वाटली. मी माझा बोटाएवढा मासा फडक्यात बांधत बसले.

जेवणं झाली, ऊन उतरलं. बाळू वाळूत झोपला होता. सखू भांडी घासायला नदीवर गेली, गोविंदा डांगरं आणायला वाडीत. माय गाडीपाशी अण्णांसमोर उभी राहिली. मी आत फळीवर होते, त्यांना दिसत नव्हते किंवा दिसत असूनही त्यांनी लक्ष दिलं नाही. मायचा आवाज चढलेला नव्हता. ती म्हणाली, "त्यास्ले सांगी टाका. आपन त्यास्नं मीठ खादं शे. तठे मी हयद लावाले कसी येऊ?" अण्णांनी हुकमाची गोष्ट काढली, नोकरीची काढली. माय म्हणाली की पोरगं दोन वर्षांची मेहनत पाण्यात घालतंय आणि तुम्ही बघत उभे राहणार. खरं सांगायचं तर अण्णांनाही तेच वाटत होतं, फक्त कुणीतरी ढकलायला हवं होतं. त्यांचा हिशेब असा होता की नोटिसा आता निघतीलच, पुढच्या वर्षभरात गाव उठेल, इतक्या अलीकडे बांधलेलं घर खोटं म्हणून मोबदल्यातून काढतील, मग हे सागाचे खांब, कौलं, गोविंदाचे हात, सगळं फुकट जायचं त्यापेक्षा पोरानं थांबलेलं बरं. आज इतक्या वर्षांनी मी तो हिशेब पुन्हा पुन्हा तपासून बघते. त्यात मला चूक सापडत नाही. सरकार इतकं सावकाश चालेल, एवढं मात्र सरकारच्याच माणसाला कळलं नव्हतं.

गोविंदा खांद्यावर डांगरांची पाटी घेऊन आला. अण्णांनी त्याला खांबांपाशी नेलं. म्हणाले, "गोविंदा, यंदा मेढ रोवू नको."

"काब्र, अण्णा?"

"मी सांगी ऱ्हायनू ना. जरा थांब. आनि मी सांगं हाई कोनले बोलू नको. मन्ही नोकरी जाई."

गोविंदानं खांबांकडे बघितलं, मग नदीकडे. त्याला किती समजलं ते मला माहीत नाही. साखळी धरून दगडापर्यंत तोही गेला होता, तेव्हा काहीतरी ताडलं असणार. त्यानं पुन्हा विचारलं नाही. "तुम्ही सांगश्यात ते मन्हा भलानंच सांगश्यात," एवढंच म्हणाला आणि डांगरं एकेक करून गाडीत ठेवू लागला. येताना गाडीभर डांगरांचा वास होता. माय फळीवर बसून ओले केस विंचरत होती आणि तिच्या माहेरचं एक गाणं गुणगुणत होती. अण्णाही गाडी चालवता चालवता मधूनच शीळ घालत होते. आम्ही एक चांगलं काम करून परत चाललो होतो. मला आजही त्या शिळेचीच जास्त लाज वाटते.

त्यानंतर अण्णांची बदली धुळ्याकडे दुसऱ्या कामावर झाली, आमचं बिऱ्हाड नंदुरबारलाच राहिलं. नोटिसा त्या वर्षी निघाल्या नाहीत. पुढच्याही नाही. गाव नांदत राहिलं, आखाज्या येत गेल्या. मी मॅट्रिक झाले, शाळेत मास्तरीण म्हणून लागले. मग कधीतरी घरांची मोजदाद झाली, लोक उठले, चढावर लांब एक वसाहत बसली, हे सगळं आम्हाला इकडूनतिकडून कळलं. माय म्हणाली, सखूला भेटून येऊ. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी एस.टी.नं गेलो.

वसाहतीत गोविंदाच्या थोरल्या भावाचं घर लगेच सापडलं. ऐसपैस, पुढं मोठी पडवी, आणि पडवीला जाड सागाचे खांब. गोविंदाचं घर कुठलं म्हणून विचारलं तर त्या घराच्या मागं एक छपरी दाखवली. जनावरांच्या गोठ्याला टेकून उभी केलेली, कुडाची. तिथं सखू होती, तीन मुलं होती. मायला बघून ती धावत आली, घोंगडी अंथरली, पाणी दिलं. गोविंदाही आला. मासेमारी सुटली होती, तो दुसऱ्याच्या शेतात जात होता. अण्णांची तब्येत त्यानं दोनदा विचारली.

सखूनंच सगळं सांगितलं. मोजदादीला माणसं आली तेव्हा ज्याचं घर उभं त्याला वसाहतीत घराची जागा, असा नियम होता. ज्यांनी मागाहून मेढी रोवल्या होत्या त्यांचीही घरं धरली गेली. तोवर मधे कितीतरी उन्हाळे गेले होते. गोविंदानं मेढ रोवलीच नाही. पहिल्या वर्षी यंदा नको म्हणाला, दुसऱ्या वर्षी बघू म्हणाला, मग खांब नुसते भिजतायत म्हणून भावानं मागितले तर देऊन टाकले. भावानं त्यांच्यावर घर वाढवलं. मोजणाऱ्यांनी गोविंदाचं कुटुंब भावाच्याच घरात धरलं. ना वेगळं नाव, ना वेगळी जागा. हे सांगताना सखूच्या आवाजात राग नव्हता, राग झिजून गेला होता. नवऱ्यासमोर बसून, तो तिथं नसल्यासारखी ती बोलत होती. भित्रा आहे, म्हणाली. भावाला भितो, भावजयीला भितो. सगळ्या गावानं मेढी रोवल्या, याचीच छाती झाली नाही. मी किती वेळा पाय धरले, कारण विचारलं. तोंडातून शब्द काढला नाही यानं.

मी मायकडे बघितलं. गोविंदा सखूच्या मागं उभा होता. त्यानं मायकडे बघून अगदी हळू मान हलवली, नको म्हणून. तेव्हा मला कळलं की अण्णांनी सांगितलं ते त्यानं अक्षरशः पाळलं होतं. घरातसुद्धा. इतकी वर्षं बायकोच्या तोंडून भित्रा ऐकत राहिला, पण सांगितलं नाही. मायनं उठून निघून यावं असं मला मनापासून वाटलं. आपण गप्प बसलो तर कुणाला काही कळणार नव्हतं. माय उठली नाही. ती सखूचा हात धरून म्हणाली, "सखू, तो भ्यायना नही. आम्हीच सांगं त्याले, मेढ रोवू नको. तुम्हनं भलं व्हई अस आमले वाटनं. मीच सांगाले लायं." आणि मग तो रविवार, तो दगड, अण्णांची नोकरी, सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं सखू आमच्यावर भडकेल, आणि भडकली असती तर बरं झालं असतं. पण तिनं आमच्याकडे बघितलंच नाही. ती वळली आणि नवऱ्याला म्हणाली, "तू सायेबनी नोकरी वाचाडी. मन्हं घर कोन वाचाडनार व्हतं? माले एक शब्द सांगता ऊना नही तुले?" गोविंदानं मान खाली घातली. नवरा भित्रा आहे या समजुतीवर तिनं इतकी वर्षं कशीबशी काढली होती. आता ती समजूतही राहिली नाही. तिनं चूल पेटवली, आम्हाला काळा चहा करून दिला, आम्ही तो प्यायलो. ती निरोपाला दारापर्यंत आली नाही.

अण्णांना मायनं सगळं सांगितलं. ते त्या आठवड्यात तीन वेळा कचेरीत जाऊन आले, ओळखीच्यांना भेटले. मोजदाद झाली ती झाली, असं सगळीकडून उत्तर आलं. आम्ही तेव्हा कुणाचं वाईट केलं नव्हतं, हेच अवघड आहे. वाईट केलं असतं तर माफी तरी मागता आली असती. माय पुढे कधी कुणाला सल्ला द्यायची वेळ आली की, अगदी भाजीत मीठ किती घालू असं विचारलं तरी, तुमचं तुम्ही बघा म्हणायची. बाळूच्या बायकोला ते तुसडेपणाचं वाटायचं. मी तिला कारण सांगितलं नाही.

निवृत्त व्हायच्या आधी अण्णांनी नंदुरबारला घर बांधलं. चार खोल्या, पुढं ओटा. त्या नोकरीतूनच बांधलं, ती टिकली म्हणून बांधता आलं. वास्तुशांतीला गोविंदाला बोलावणं गेलं होतं. तो येईल असं वाटलं नव्हतं, पण आला, धुवट धोतर नेसून. सगळं घर फिरून बघितलं, छान आहे म्हणाला, पंगतीत बसून जेवला. सखूचं विचारलं तर म्हणाला, "ती येस नही म्हने." मायनं सखूसाठी आणि मुलांसाठी पुरणपोळ्या फडक्यात बांधून त्याच्या हातात दिल्या. अण्णांनी किंवा मायनं काही दिलं आणि गोविंदानं नाही म्हटलं असं आजवर कधी झालं नव्हतं. त्यानं गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, सगळ्यांना रामराम करून निघाला. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी ओटा झाडायला बाहेर आले, तेव्हा गाठोडं पायरीच्या कडेला नीट ठेवलेलं होतं.